‘कर्मचारी लस घ्यायला तयार नाहीत’ हा शेरा लिहिण्याआधी : रुग्णालये चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक, तसेच खासगी रुग्णालये आणि नर्सिंग होमचे संचालक,
महाराष्ट्र राज्य

विषय : रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे हिपॅटायटिस बी लसीकरण

महोदय / महोदया,

संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा विषय निघाला की इतिवृत्तात एक ठरलेले वाक्य येते : ‘कर्मचाऱ्यांमध्ये लसीकरणाबाबत उदासीनता आढळते.’ त्याखाली ‘जनजागृती करावी’ असे लिहून पुढचा विषय घेतला जातो. आम्ही संसर्ग नियंत्रण, लसीकरण आणि प्रयोगशाळा या तीन ठिकाणी काम करणारी माणसे आहोत. या वाक्याला आमची हरकत आहे, आणि ती का आहे हे सविस्तर मांडायला हे पत्र लिहीत आहोत.

आपल्या रुग्णालयातली हिपॅटायटिस बी लसीकरणाची नोंदवही मागवून घ्या आणि फक्त तारखांचे रकाने बघा. बहुतेक ठिकाणी पहिल्या डोसचा रकाना बऱ्यापैकी भरलेला असतो, दुसऱ्यात मधे मधे जागा सुटलेल्या असतात आणि तिसरा जवळपास कोरा असतो. ज्याला लस नकोच आहे तो पहिल्या डोसलाच बाही वर करत नाही. एकदा दंड पुढे केलेला माणूस सहा महिन्यांनी गळतो, तेव्हा कारण त्याच्या मनात शोधण्याआधी आपल्या वेळापत्रकात शोधायला हवे. शिबिर बहुधा २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिनी होते. बॅनर लागतो, फोटो निघतात. त्या हिशेबाने दुसरा डोस २८ ऑगस्टला आणि तिसरा २८ जानेवारीला येतो. त्या दोन दिवशी कुठलाच बॅनर नसतो. कुणाला फोन जात नाही, लस मागवलेली नसते, आणि आठवण ठेवायची जबाबदारी कोणावर होती हेही ठरलेले नसते.

शिवाय लस मिळते कुठे आणि कधी? ओपीडीच्या बाजूच्या खोलीत, सकाळी दहा ते एक. त्याच वेळात वॉर्डात राउंड असतो, ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) यादी चालू असते, डिस्चार्जचे कागद तयार करायचे असतात. तीस खाटांवर दोन सिस्टर असताना त्यातली एक लस घ्यायला खाली जाऊ शकत नाही. मावशींना आणि मामांना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांना, वॉर्ड सोडायला इनचार्ज सिस्टरची परवानगी लागते. नाइट करून घरी गेलेल्या माणसाने एका इंजेक्शनसाठी दोन बस बदलून दुपारी परत यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. लस आइस पॅक लावलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधून वॉर्डात नेली, तीही सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही हँडओव्हरच्या वेळी, तर एका माणसामागे पाच मिनिटे पुरतात. बाहेर पडणारी आणि आत येणारी अशा दोन्ही पाळ्या त्या अर्ध्या तासात एकाच जागी सापडतात. नंतर पंधरा मिनिटे नजरेखाली थांबायचे, तेही ड्युटी रूममध्येच होते. तीव्र ॲलर्जी आल्यास द्यायचा ॲड्रेनालिनचा अँप्यूल ट्रेमध्ये असला पाहिजे, एवढीच वेगळी तयारी.

एवढा आग्रह याच लशीसाठी का, हेही सांगतो. दूषित सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या माणसाला लागण होण्याची शक्यता तीन विषाणूंसाठी ढोबळमानाने अशी धरतात : एचआयव्ही ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी ३ टक्के, आणि रुग्णात विषाणू जोरात वाढत असेल तर हिपॅटायटिस बी ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे एचआयव्हीच्या शंभर पट. तरीही सुई टोचली की वॉर्डात पहिला प्रश्न ‘पेशंट एचआयव्ही आहे का’ हाच येतो. एचआयव्हीचा धाक बसवण्यात आपण यशस्वी झालो आणि हिपॅटायटिस बी त्या सावलीत झाकला गेला. हा विषाणू सुकलेल्या रक्तात, टेबलाच्या कडेवर किंवा ग्लुकोमीटरवर, सात दिवसांपर्यंत टिकून राहू शकतो. लागण व्हायला सुई टोचलीच पाहिजे असेही नाही. हाताला भेग असेल, नखाजवळ कातडी सोललेली असेल तरी पुरते. आणि या तिघांपैकी लस आहे ती फक्त याच्यावर.

आता शंकांकडे येतो. शंका आहेत, आणि त्या अज्ञानी माणसांच्याच असतात असे मुळीच नाही.

सगळ्यात खोल रुजलेला गोंधळ ‘कावीळ’ या शब्दातच आहे. आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, सगळ्यांच्या घरात होऊन गेलेली असते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात कुणी गळ्यात काविळीची माळ घातलेली असते, कुणी मंत्रून उतरवून घेतलेली असते, आणि बरे होण्याचे श्रेय माळेला मिळते. रुग्णालयात काम करणारी माणसेही याच गावांतून आणि वस्त्यांतून येतात. त्यांना ‘काविळीची लस घ्या’ म्हटले की ‘कावीळ काय, उतरते’ हे उत्तर मनात तयार असते. म्हणून आमची विनंती अशी की, कर्मचाऱ्यांशी बोलताना ‘काविळीची लस’ हा शब्दप्रयोग सोडा आणि ‘रक्तातून येणाऱ्या हिपॅटायटिस बीची लस’ म्हणा. त्यांना सांगा की यात डोळे पिवळे होतीलच असे नाही, अनेकांना काहीच जाणवत नाही. दूषित सुई टोचल्यापासून आजार दिसेपर्यंत दीड ते सहा महिने जाऊ शकतात, त्यामुळे मार्चमधल्या सुईचा संबंध ऑगस्टमधल्या थकव्याशी कुणीच जोडत नाही. प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी शंभरात पाचेक जणांच्या शरीरात तो कायम मुक्काम करतो, आणि पुढे सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होण्याची वाट तिथून सुरू होते.

दुसरी शंका : ‘वीस वर्षे काम करतोय, काही झालं नाही.’ याला वाद घालून उत्तर देऊ नये. वीस वर्षांत सुया टोचल्या आहेत हे तो माणूस स्वतःच सांगतो आहे. त्याला नकळत लागण होऊन प्रतिकारशक्ती आली असेल, किंवा विषाणू अंगात राहिला असेल, किंवा खरोखरच आजवर वाचला असेल. तिन्ही शक्यतांत लस घेण्याने नुकसान काहीच नाही. हे शांतपणे सांगितले तर पटते.

गरोदर सिस्टर आणि बाळाला पाजणाऱ्या सिस्टर लस टाळतात, आणि अनेकदा डॉक्टरच त्यांना ‘आत्ता नको, नंतर बघू’ म्हणतात. ही लस जिवंत विषाणूची नाही. विषाणूचा भाग म्हणाल तर यीस्टच्या पेशींत तयार केलेले त्याच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन एवढेच तिच्यात असते, त्यामुळे तिच्यापासून आजार होऊच शकत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ती देता येते. लेबर रूममध्ये रक्ताशी सतत संबंध येणाऱ्या सिस्टरला नऊ महिने आणि वर ‘पाजणं सुटेपर्यंत’ थांबवणे म्हणजे तिला सर्वाधिक धोक्याच्या जागी उघडे ठेवणे होय.

‘लस घेतली की रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो’ ही अफवा वॉर्डांत फिरते. तिच्या मुळाशी खरी गोष्ट आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. लशीतले प्रथिन म्हणजेच एचबीएसएजी, लागण ओळखायला रक्तात जे शोधतात तेच. डोस घेतल्यावर सुमारे १८ दिवसांपर्यंत ते रक्तात सापडू शकते आणि तपासणी तेवढ्यापुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. ती लागण नव्हे. उपाय साधा आहे : लस दिल्यानंतर महिनाभर एचबीएसएजी तपासू नये. वार्षिक तपासणीचे आणि लसीकरणाचे शिबिर एकाच आठवड्यात ठेवले, आणि रक्त घेण्याआधी लस दिली, की ही अफवा आपणच जन्माला घालतो.

आणि आता ती भीती, जी मोठ्याने कुणी बोलत नाही. लशीआधी एचबीएसएजीची तपासणी सक्तीची केली की माणसे येईनाशी होतात. पॉझिटिव्ह निघालो तर काय? कंत्राट जाईल, ओटीतून काढतील, मेसमध्ये ताट वेगळे ठेवतील, मुलीच्या लग्नात अडचण येईल. ही भीती काल्पनिक नाही, कारण अनेक ठिकाणी रिपोर्टची यादीच फलकावर लागते किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर पडते. लस देण्यासाठी आधीची तपासणी आवश्यक नाही. ज्याला आधीच लागण आहे त्याला लस दिली तर फायदा होत नाही, पण तोटाही होत नाही. तेव्हा लशीला तपासणीची अट लावू नका. तपासणी वेगळी, ऐच्छिक ठेवा, रिपोर्ट बंद पाकिटात एकट्यालाच द्या, आणि पॉझिटिव्ह आल्यास नोकरीला धक्का लागणार नाही हे लेखी जाहीर करा. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखालच्या उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, हे त्या पाकिटातच छापलेले असावे.

आता आपल्या, म्हणजे देणाऱ्यांच्या चुकांबद्दल. यावर आम्ही थोडे जास्त लिहिणार आहोत. ‘लस घेतली तरी टायटर (रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांची पातळी) आला नाही’ असे एका मामांना कळले की पूर्ण मजल्याचा विश्वास उडतो, आणि टायटर न येण्याचे कारण पुष्कळदा मामांच्या शरीरात नसून आपल्या फ्रीजमध्ये किंवा सिरिंजमध्ये असते.

प्रौढांचा डोस १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम. लेबर रूममध्ये बाळांसाठी ठेवलेल्या, एकदाच वापरता येणाऱ्या ऑटो-डिसेबल सिरिंजमध्ये ०.५ मिलीच मावते. घाईत तीच सिरिंज वापरली की कर्मचाऱ्याला अर्धाच डोस जातो आणि नोंदवहीत पूर्ण लिहिला जातो. साधी २ मिलीची सिरिंज आणि २३ गेजची एक इंची सुई घ्या. जाड दंडाला दीड इंची लागते. जागा दंडाच्या डेल्टॉइड स्नायूची : खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून, ९० अंशांत, स्नायूत. कमरेवर देऊ नये. तिथे सुई बहुतेक वेळा चरबीतच थांबते आणि प्रतिकारशक्ती कमी तयार होते. ओटीच्या मागच्या खोलीत ‘उभ्या-उभ्या कमरेत’ दिलेले डोस आमच्या मते मोजू नयेत. असा डोस पुन्हा दंडात द्यावा.

फ्रीजचा प्रश्न त्याहून मोठा. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. उष्णता ती काही काळ सहन करते, गोठणे मात्र अजिबात नाही, कारण तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो. एकदा गोठली की तो क्षार प्रथिनापासून सुटून त्याचे कण एकमेकांना चिकटतात, आणि वितळल्यावर कुपी वरून चांगली दिसली तरी लस निकामी झालेली असते. खासगी रुग्णालयांत इन्सुलिन, डबे आणि लस एकाच घरगुती फ्रीजमध्ये असतात. कुपी फ्रीझरच्या पेटीखाली किंवा मागच्या भिंतीला टेकून राहिली की ती गोठते. कॅरियरमध्ये कडक गोठलेले आइस पॅक थेट लावले तरी तेच होते. पॅक आधी बाहेर काढून ठेवावा, हलवल्यावर आत पाणी खळखळले की मगच भरावा. कुपीवरचा व्हीव्हीएम (उष्णतेने रंग बदलणारी खूण) फक्त उष्णता दाखवतो, गोठण्याबद्दल तो मुका असतो.

शंका आली तर शेक टेस्ट करता येते, आणि ती एकदा कर्मचाऱ्यांसमोर करून दाखवावी असे आम्हाला वाटते. त्याच कंपनीची आणि त्याच बॅचची एक कुपी घ्या, तिच्यावर ‘गोठवलेली’ असे लिहून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये घट्ट गोठू द्या. सकाळी ती बाहेर ठेवून आपसूक वितळू द्या, गरम पाण्यात घालू नका. मग गोठवलेली आणि संशयित अशा दोन्ही कुप्या एका हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. गोठवलेल्या कुपीत पाहता पाहता पांढरे कण खाली बसू लागतात आणि वर निवळ पाणी दिसते. चांगल्या कुपीत दुधट धुके बराच वेळ तरंगत राहते. संशयित कुपी गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा तिच्याहून लवकर निवळली तर ती फेकावी. वरचे पांढरे धुके खाली बसताना ज्या सिस्टरने स्वतः पाहिले, तिला फ्रीजच्या तापमानाचा तक्ता दिवसातून दोनदा का भरायचा हे पुन्हा सांगावे लागत नाही.

वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने. डोस राहिला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, हे शंभर वेळा सांगूनही पाळले जात नाही. ‘आता वर्ष झालं, पुन्हा तीन घ्या’ म्हटले की माणूस परत येत नाही. जिथे थांबले तिथून पुढे चला. फक्त कमीत कमी अंतर पाळा : पहिल्या-दुसऱ्यात ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात ८ आठवडे, पहिल्या-तिसऱ्यात १६ आठवडे.

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर तपासा. साध्या ट्यूबमध्ये ३ मिली रक्त पुरते. टायटर १० एमआययू प्रति मिली किंवा अधिक आला की तो माणूस सुरक्षित. निरोगी माणसाला त्यानंतर बूस्टर लागत नाही आणि दरवर्षी टायटर करण्याचीही गरज नाही. चाळिशीच्या आतल्या दहा निरोगी माणसांपैकी नऊजणांना एवढा टायटर येतो. वय, मधुमेह, लठ्ठपणा आणि धूम्रपानाने हे प्रमाण उतरते. टायटर दहाच्या खाली आला तर आणखी तीन डोस देऊन पुन्हा तपासावे. सहा डोसनंतरही आला नाही तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (लागण होऊन गेल्याची खूण) पाहून तज्ज्ञाकडे पाठवावे. काही वर्षांपूर्वी तीन डोस घेतलेल्या पण तेव्हा टायटर न केलेल्या माणसाचा आज दहाच्या खाली आला, तर आधी एकच डोस देऊन महिन्याभराने पाहावे. बहुतेकांची स्मृती जागी असते आणि टायटर वर येतो.

टायटर हा खर्च आहे म्हणून वगळला जातो. आमच्या मते लसीकरणाकडे पाहण्याची कर्मचाऱ्यांची नजर बदलणारी सगळ्यात प्रभावी गोष्ट हीच आहे. बाकी बहुतेक लशींत ‘मला फायदा झाला का’ याचे उत्तर इतक्या सरळ आकड्यात मिळत नाही. ज्या सिस्टरच्या हातात ‘३४०’ लिहिलेला कागद पडतो, ती तो चार जणींना दाखवते. आणि ज्या दिवशी सुई टोचते त्या दिवशी त्या आकड्याची किंमत कळते : टायटर दहा किंवा वर असल्याची नोंद असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काहीही करावे लागत नाही. नोंद नसेल, लस नसेल आणि रुग्ण पॉझिटिव्ह असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांच्या आत द्यावे लागते, सोबत लशीचा पहिला डोस. ते इंजेक्शन लशीच्या तीन डोसांपेक्षा कितीतरी महाग, तालुक्याच्या गावी रात्री दोनला मिळेल याची खात्री नाही, आणि सहा डोसनंतरही टायटर न आलेल्या माणसाला ते एका महिन्याच्या अंतराने दोनदा लागते.

याच ओघात सुई टोचल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. लगेच कळवा, कारण एचआयव्हीच्या प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवा आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. कळवणाऱ्याला ‘सुईला कॅप परत कशाला लावली’ म्हणून सगळ्यांसमोर झापले, की पुढची दहा माणसे कळवत नाहीत. ज्या रुग्णालयात वर्षभरात सुई टोचल्याची एकही नोंद नाही तिथे सुया टोचत नाहीत असे समजू नका. तिथे माणसे बोलायला घाबरतात.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांतील चौथ्या नियमाने कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचे हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातावर लसीकरण करणे ही रुग्णालयाची जबाबदारी ठरवली आहे. रुजू होताना आणि दरवर्षी आरोग्य तपासणी, तसेच प्रशिक्षण हीसुद्धा. ‘प्रत्येकाचे’ यात कंत्राटदाराची माणसे आली. पांढऱ्या डब्यात जायची सुई लाल पिशवीत पडते आणि ती टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशीला. सुई वापरली डॉक्टरने, ती टाकली सिस्टरने. टोचते मात्र त्या साखळीत सगळ्यात कमी पगार असलेल्या माणसाला. ‘ते आमच्या आस्थापनेवर नाहीत’ हे उत्तर नियमात बसत नाही, आणि माणुसकीतही नाही. कंत्राट अकरा महिन्यांचे असेल तर तीन डोस आणि टायटर त्यात बसतात, पण पहिला डोस लांबवला नाही तरच. कंत्राटदार बदलला की नोंद हरवते, म्हणून कार्ड त्या माणसाच्याच हातात द्या : तिन्ही तारखा, बॅच क्रमांक, कोणता दंड, टायटर. पुढच्या डोसची तारीख पेनाने मोठी लिहा.

नर्सिंग आणि लॅबच्या विद्यार्थ्यांबद्दल एक गैरसमज आहे की ‘या मुलांना लहानपणी सगळ्या लशी मिळाल्या’. हिपॅटायटिस बी देशाच्या नियमित लसीकरणात काही निवडक ठिकाणी २००२-०३ मध्ये आणि सर्वत्र २०११ मध्ये आली. आज वॉर्डात पोस्टिंगला येणारी अठरा-वीस वर्षांची मुले त्याआधी जन्मलेली आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना ती मिळालेली नसू शकते. कार्ड पाहिल्याशिवाय गृहीत धरू नका, आणि पहिला डोस पोस्टिंगआधी द्या. सगळ्यात जास्त सुया नवख्या हातांनाच टोचतात.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. कर्मचारी पोस्टर वाचत नाहीत, ते सरांकडे बघतात. युनिट हेड स्वतः बाही वर करून वॉर्डात सगळ्यांसमोर डोस घेतात तिथे पुढचे काम निम्मे होते. ज्या सर्जनने ‘मला आठवत नाही, बहुतेक घेतली होती’ असे म्हणून रकाना मोकळा सोडला, त्यांच्या ओटी असिस्टंटकडून आपण वेगळे काय अपेक्षित करतो?

कोविडच्या लशीचा अनुभवही हेच सांगतो. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली तेव्हा अनेक जण थांबले. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष आले नव्हते आणि वेगळ्या संमतिपत्रावर सही मागितली जात होती. ‘आधी आकडे दाखवा’ म्हणणारा रेसिडेंट डॉक्टर तेव्हा विज्ञानविरोधी नव्हता. मार्चमध्ये अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले आणि तोपर्यंत लस घेतलेले सहकारी रोज कामावर दिसत होते. शंका माहितीने कमी होते, दटावण्याने दबून बसते. फ्लूच्या लशीला हेच लागू. ती दरवर्षी घ्यावी लागते, परिणामाला दोन आठवडे लागतात, आणि साध्या सर्दीवर तिचा काही उपयोग नाही. हे आधी सांगितले नाही तर ‘घेऊनही सर्दी झाली’ ही तक्रार येणारच.

कर्मचाऱ्याचे स्वतःचे मत रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते, हे शेवटचे निरीक्षण. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला हिपॅटायटिस बीचा डोस द्यायचा असतो : ०.५ मिली, डाव्या मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूला. आईकडून बाळाला लागण झाली तर दहांपैकी नऊ बाळांत ती कायमची राहते, म्हणून तासांचा हिशेब. तरी रविवारी रात्री जन्मलेल्या एकट्या बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडायला सिस्टर कचरते, ‘नऊ डोस वाया जातील’ म्हणून. वाया जात नाहीत. ओपन व्हायल पॉलिसीनुसार फोडलेली कुपी २८ दिवस वापरता येते. अट एवढीच की मुदत संपलेली नसावी, व्हीव्हीएम ठीक असावा, कुपी २ ते ८ अंशांत राहिलेली असावी, रबरी बूच पाण्यात बुडालेले नसावे आणि फोडल्याची तारीख-वेळ लेबलवर लिहिलेली असावी. जिने स्वतःचा टायटर पाहिला आहे ती सिस्टर ही कुपी फोडते, आणि ‘एवढ्याशा जिवाला कशाला सुई’ म्हणणाऱ्या आजीला खाली बसून समजावतेही.

नकारपत्रावर सह्या घेऊन फाइल पूर्ण करण्याची पद्धत सुरू झाली आहे. पगार रोखण्याची धमकीही ऐकू येते. दोन्ही थांबवावे. ज्याला खरोखर नकोच आहे त्याच्याशी कुणीतरी, शक्यतो त्याच्याच कामातला आणि लस घेतलेला सहकारी, एकट्यात दहा मिनिटे बोलावे. तरी नाही म्हणाला तर कारण त्याच्या शब्दांत लिहावे, ‘उदासीन’ असे नव्हे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. त्याला सुई टोचली तर उपचार इतरांसारखेच मिळतील, हेही त्याच दिवशी सांगावे.

आमची मागणी या महिन्यापुरतीच आहे. नोंदवहीत ‘नकार’, ‘ड्युटीमुळे राहिले’, ‘लस उपलब्ध नव्हती’ आणि ‘बदली झाली / कंत्राट संपले’ असे चार वेगळे रकाने पाडा. कंत्राटी, विद्यार्थी आणि इंटर्न धरून प्रत्येकाचे नाव लिहा. तिन्ही डोसांची लस आणि टायटरचे किट एकाच इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) मागवा. प्रत्येक मजल्यावर एका सिस्टरचे नाव या कामासाठी लेखी ठरवा आणि त्यासाठी तिला आठवड्यातून दोन तास ड्युटीतून मोकळे करा. पुढच्या बैठकीत ते चार रकाने समोर ठेवा. त्यातला पहिला रकाना किती भरला आहे ते पाहून मग शेरा लिहा.

आपले,
संसर्ग नियंत्रण, लसीकरण आणि प्रयोगशाळा विभागांत काम करणारे सहकारी